टेकडीवर टीम जमवायची आणि टिकवायची कशी? नवीन लीडर मंडळींसाठी

पुण्यात स्वयंसेवक मिळत नाहीत असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. जूनमध्ये पहिले दोन पाऊस पडले की झाडं लावायला टेकडीवर एवढी गर्दी होते की खड्डे कमी पडतात, विसर्जनाला घाटावर निर्माल्य गोळा करायला कॉलेजची पोरं रात्री उशिरापर्यंत उभी असतात, आणि पालख्या मुक्कामाला आल्या की नाना पेठ-भवानी पेठेत वारकऱ्यांना चहा द्यायला, पाय चेपून द्यायला कोण कुठून येतं पत्ता लागत नाही. पण तीच जूनमधली माणसं मार्चमध्ये पाण्याचे कॅन घेऊन वर चढायला येत नाहीत. झाड लावणं एका सकाळचं काम आहे, ते जगवणं दोन-तीन उन्हाळ्यांचं, आणि टीम लागते ती ह्या दुसऱ्या कामाला.

हा लेख त्यांच्यासाठी ज्यांच्या गळ्यात नुकतीच जबाबदारी पडलीय, म्हणजे जुने कोणीतरी काका म्हणाले "आता तू बघ रे" आणि ग्रुपचं अॅडमिन करून मोकळे झाले. उदाहरणं मी टेकडीवरच्या झाडांची देतोय कारण मी तेच काम करतो, पण नदीकाठची सफाई असो, वस्तीतला अभ्यासवर्ग असो, थोडा फरक करून सगळीकडे लागू पडेल.

आधी एक सांगतो, मोटिव्हेशनल भाषणांच्या भानगडीत पडू नका. नोकरीत माणूस कितीही वैतागला तरी सोमवारी येतो, कारण डोक्यावर ईएमआय असतो. इथे वैतागलेला माणूस भांडत नाही, राजीनामा देत नाही, फक्त यायचा बंद होतो आणि ग्रुपवर प्रत्येक मेसेजला अंगठा देत राहतो. आपण म्हणतो लोकांना सिरियसनेस नाही. बहुतेक वेळा झालेलं असं असतं की तो सकाळी साडेसहाला आला, पाऊण तास नुसता उभा राहिला, नळाची चावी कोणाकडे आहे ते शोधण्यात अजून अर्धा तास गेला, मग दोन कॅन टाकून घरी गेला. त्याची सकाळ वाया गेली. ती वाया जाऊ न देणं हेच तुमचं मुख्य काम, खाली जे काही लिहिलंय ते सगळं ह्याच्याच आजूबाजूचं आहे.

आधी काम तयार ठेवा, मग माणसं बोलवा

पहिली गोष्ट परवानगी. पुण्यातल्या टेकड्यांचा बराच भाग वनखात्याकडे आहे, काही महापालिकेकडे, काही खाजगी, आणि जागा कोणाची हे न बघता कुदळ मारायला गेलात तर वनरक्षक येऊन सगळ्यांसमोर थांबवेल आणि पहिल्याच दिवशी टीमचा मूड जाईल. आधी एकदा त्यांच्या ऑफिसात जाऊन भेटा, काय करणार, कुठे करणार ते कागदावर द्या. त्यांना टेकडी आपल्यापेक्षा जास्त माहीत असते, त्यामुळे ही भेट फुकट जात नाही.

काय लावायचं तेही त्यांच्याशी आणि एखाद्या वनस्पती जाणणाऱ्या माणसाशी बोलून ठरवा. आपल्या टेकड्यांवर पूर्वी गिरिपुष्प भरपूर लावलं गेलं, भराभर वाढतं म्हणून, पण ते बाहेरचं झाड. पळस, बहावा, काटेसावर, पांगारा, करंज, वावळ ही इथली मंडळी, ह्यांना वेळ लागतो पण ती इथलीच आहेत. आणि प्रत्येक मोकळ्या जागेत झाड हवंच असंही नाही. गवताळ भाग हा गवताळच बरा, तिथे जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात. हे नवीन स्वयंसेवकांना पटवायला वेळ लागतो, सगळ्यांना वाटतं हिरवं म्हणजे झाड, पण पटवा.

दुसरी गोष्ट, आदल्या दिवशी संध्याकाळी एक चक्कर मारा. टाकीत पाणी आहे का, नळाची चावी कोणाकडे आहे, कॅन किती फुटलेत, कुठली झाडं सुकतायत. आणि साधा हिशोब करा. समजा ४० झाडं आहेत, प्रत्येकाला ५ लिटर म्हणजे २०० लिटर, म्हणजे ५ लिटरचे ४० कॅन. एक माणूस एका खेपेला दोन कॅन नेतो. दहा माणसं आली तर प्रत्येकी दोन खेपा, चढ धरून दीड तास. आता तुम्हाला माहितीय की साडेसहाला सुरू केलं तर साडेआठला सगळे मोकळे. हा हिशोब नसला की काम लांबत जातं आणि दहा वाजता उन्हात एकेक जण कलटी मारायला लागतो.

माणसं कमी आली तर काय सोडायचं तेही आधीच ठरवा (ह्या पावसाळ्यात लावलेल्यांना आधी, तीन वर्षांची थांबू शकतात), आणि जास्त आली तर काय द्यायचं तेही. आळी नीट करणं, बुंध्याभोवती पालापाचोळा पसरणं, बाटल्या गोळा करणं, हे राखीव काम कायम खिशात ठेवा. वीस माणसं येऊन दहा जण नुसते बघत उभे, यापेक्षा पाचच आलेली बरी.

बोलवायचं कसं

"तरी सर्वांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे" असा मेसेज टाकला की कोणी येत नाही. मोठ्या संख्येत मी एकटा नसलो तर काय फरक पडतो, असं प्रत्येकाला वाटतं. मेसेज असा टाका:

"रविवारी सकाळी ६:३०, पायथ्याच्या पार्किंगला. काम: खालच्या टप्प्यातल्या ४० झाडांना पाणी. दहा जण हवेत. ८:३० ला संपणार म्हणजे संपणार. टोपी, प्यायचं पाणी, बंद बूट आणा. कॅन आपण देऊ. मुलांना आणलं तरी चालेल."

झालं. त्याखाली सुविचार नको, सूर्योदयाचा फोटो नको. पोल टाकणार असाल तर "येतो" आणि "नाही" एवढेच दोन पर्याय ठेवा, "जमलं तर बघतो" असा तिसरा ठेवला तर अख्खं पुणे तोच दाबेल, आणि पुण्यात "बघतो" म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे.

पण खरं बोलावणं फोनवर होतं. दोनशे जणांच्या ग्रुपवरचा मेसेज कोणालाच उद्देशून नसतो. आठवड्याला पाच जणांना फोन करा, आणि "याल का" एवढंच विचारू नका, त्यांनाच का बोलावताय ते सांगा. "काकू, गेल्या वेळी तुम्ही म्हणालात ना तो वरच्या कोपऱ्यातला बहावा सुकतोय, तो नक्की कुठला ते दाखवाल का?" असं विचारल्यावर सहसा कोणी घरी बसत नाही. आणि नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, "बरं, पुढच्या वेळी" म्हणून फोन ठेवा. नाही म्हणताना ज्याला अपराधी वाटलं तो पुढच्या वेळी तुमचा फोनच उचलत नाही.

नवीन माणूस पहिल्यांदा येतो तेव्हा

इथे जरा थांबून लिहितो कारण बहुतेक टीम इथेच माणसं घालवतात. नवीन माणूस येतो, जुन्यांचं आपापसात टवाळकी-हसणं चालू असतं, तो बाजूला मोबाईल बघत उभा. कोणी त्याला हाकलत नाही, पण कोणी बोलवतही नाही. परत कशाला येईल?

तर असं करा. आल्या आल्या नाव विचारा आणि ते लक्षात ठेवा, नसेल राहत तर लिहा. पाच मिनिटांत हातात काम द्या. एका जुन्या माणसाची जोडी लावून द्या, त्या जुन्याला आधीच सांगून ठेवा की आज तुझ्याकडे नवीन माणूस आहे, तुझं पाणी थोडं कमी झालं तरी चालेल. जोडीदार शक्यतो बोलका पण उपदेश न करणारा, हे कॉम्बिनेशन आपल्याकडे दुर्मिळ आहे, मिळालं तर जपा.

मग काम दाखवा, सांगू नका. पाणी बुंध्यावर धबकन ओतायचं नसतं, आळ्यात हळूहळू सोडायचं, मुरू द्यायचं, वरून पाचोळा टाकायचा म्हणजे उन्हाने उडत नाही. एक जगलेलं आणि एक मेलेलं झाड शेजारी दाखवा, का मेलं ते सांगा. माणसाला आपण करतोय त्याचा उपयोग डोळ्याने दिसला की पुढचं फार समजवावं लागत नाही.

त्याला लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देता येतील अशी माहितीही द्या, विशेषतः काम पब्लिकमध्ये असेल तर. गणपतीत विसर्जन हौदाशी उभ्या असलेल्या पोरांना लोक हमखास विचारतात, की पीओपीची मूर्ती घरी बादलीत विरघळते का. ज्याला माहितीय की अमोनियम बायकार्बोनेट टाकून विरघळवता येते आणि ती पद्धत आपल्या पाषाण रोडच्या एनसीएलमधून, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून आलीय, तो ताठ उभा राहून बोलतो. ज्याला माहिती नाही तो पुढच्या दिवशी येत नाही, कारण चारचौघात गप्प बसावं लागलेलं कोणालाच आवडत नाही.

साडेआठ म्हणालात ना, मग साडेआठला थांबा, चार झाडं राहिली तरी. आणि नंतर चहा-मिसळीला जाताना नवीन माणसाला स्वतःहून विचारा, जुने सगळे गाड्या काढून निघून जातात आणि हा एकटा हेल्मेट घालत राहतो असं होऊ देऊ नका. नाही म्हणाला तर आग्रह नको, काहींना फक्त झाडांसाठी यायचं असतं, गप्पांसाठी नाही.

रात्री एक मेसेज. "आपल्या अमूल्य योगदानाबद्दल आभार" वगैरे नको, ते बँकेचं वाटतं. नेमकं लिहा: "तुम्ही वरच्या ओळीतली मेलेली झाडं मोजून दिलीत, त्यामुळे पावसाळ्यात किती रोपं मागायची ते कळलं." एवढंच.

कोण कशासाठी येतंय

सगळे पर्यावरणासाठी येत नाहीत आणि त्यात काही गैर नाही. एनएसएसच्या (कॉलेजमधली राष्ट्रीय सेवा योजना) मुलांना वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. काही जुने कार्यकर्ते त्यांच्याकडे तुच्छतेने बघतात, "तासांसाठी येतात" म्हणून. अहो येतात ना? १९६९ पासून ही योजना चालू आहे आणि तेव्हापासून कितीतरी जणांना पहिल्यांदा कुदळ हातात धरायला तिनेच लावलं. त्यांचे तास वेळेवर आणि खरे लिहून द्या, सहीसाठी चार चकरा मारायला लावू नका, त्यातली दोन-तीन जणं तास संपल्यावरही येतात.

रिटायर्ड काका लोकांना वेळ भरपूर आणि सांगायलाही भरपूर असतं. हिंजवडीच्या आयटीवाल्यांना आठवडाभर स्क्रीन बघून अंगमेहनत हवी असते, त्यांना एक्सेल शीट सांभाळायला देऊ नका, तेच तर करून आलेत बिचारे. (एखादा स्वतःहून मागतो, मग द्या.) कोणी शहरात नवीन आहे, ओळखी हव्यात. कोणाच्या घरातलं कोणी गेलंय आणि रविवार सकाळ काढायची असते, हे ते सांगत नाहीत, तुम्ही विचारूही नका, फक्त त्यांना शांतपणे करता येईल असं काम द्या.

कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) बॅच हा वेगळा प्रकार. बसमधून पन्नास जण, सारखे टी-शर्ट, बॅनर, दोन तास. त्यांना हो म्हणा, पण काम वेगळं काढा, खड्डे किंवा कचरा गोळा करणं असं एका दिवसात संपणारं, आणि रोपांच्या ऐवजी वर्षभराच्या पाण्याच्या टँकरचं बोला. फोटो तर ते काढणारच.

वयाचा प्रश्नही येतो. तुम्ही बावीस वर्षांचे आणि समोर पासष्ट वर्षांचे निवृत्त साहेब, त्यांना "हे करा" कसं सांगायचं? हुकूम द्यायचा नाही आणि गप्पही बसायचं नाही. "काका, ही ओळ तुमच्याकडे देऊ का? दर आठवड्याला कशी आहे ते मला सांगाल?" साहेब खूश, ओळ पण खूश.

टिकतात ती कशामुळे

ढोल-ताशा पथकं बघा. गणपतीच्या आधी जवळजवळ दोन महिने नदीपात्रात सराव चालतो, पोरंपोरी ऑफिसातून थेट येतात, हाताला फोड, कमरेला ढोल बांधून वळ, पैसे मिळायचे राहिले बाजूला, बऱ्याच ठिकाणी वर्गणी स्वतःच भरतात. तरी येतात. मला वाटतं ह्याचं कारण असं की प्रत्येकाची रांगेत जागा ठरलेली असते, एक दिवस नाही आलं तर ती रिकामी दिसते आणि कोणीतरी विचारतं, हात रोज थोडा सुधारतो ते स्वतःला कळतं, आणि शेवटी मिरवणुकीची तारीख असते. आवाजावर माझं मत वेगळं आहे, तो विषय नको, पण टीम कशी बांधतात हे त्यांच्याकडून शिकावं.

आपल्याकडे हे असं करता येतं. दोन-तीन रविवार आलेल्या माणसाला वीस-पंचवीस झाडांचा एक तुकडा नावाने द्या. मग कामाच्या जागा: कॅन आणि अवजारं मोजणारा, प्रथमोपचाराची पेटी सांभाळणारी, हजेरी लिहिणारा, नवीन लोकांना घेणारी. आणि दिली की दिली. पाणी कुठल्या क्रमाने द्यायचं हे त्याने ठरवलं आणि तुमच्या मते क्रम चुकीचा असला तरी झाड मरत नसेल तोवर बोलू नका. ज्या लीडरला प्रत्येक आळं स्वतः परत नीट करायची सवय असते त्याची टीम कायम नवीनच राहते, जुनी होतच नाही.

तारीखही हवी. "झाडं जगवूया" ह्याला शेवट नाही, "३१ मेपर्यंत ही ४० जगली पाहिजेत" ह्याला आहे. महिन्याला मोजणी करा आणि आकडा ग्रुपवर टाका, वाईट असला तरी. नऊ मेली तर नऊ लिहा. लोकांना खोटं "ऑल गुड" कळतं.

भांडणं, फ्लेक्स आणि बाकी डोकेदुखी

माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामावर संध्याकाळी समाजआरती होते, तिथे एक पद्धत आहे. चोपदाराने दंड उंच केला की सगळ्या दिंड्यांचे टाळ थांबतात, पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतो. एवढ्या लाखांच्या मेळ्यात तक्रारीला रोजची, ठरलेली, सगळ्यांना माहीत असलेली वेळ आहे. आपल्या तीस जणांच्या टीमला नसावी? महिन्यातून एका रविवारी काम अर्धा तास आधी थांबवा आणि विचारा, काय खटकतंय. पहिल्या वेळी कोणी बोलणार नाही, तिसऱ्या वेळी बोलतील. ऐकताना लगेच सफाई देऊ नका, लिहून घ्या, आणि पुढच्या महिन्यात त्यातल्या निदान एकाचं काय केलं ते सांगा.

एकट्या माणसाविषयीची गोष्ट मात्र एकट्यालाच सांगायची, ग्रुपवर कधीच नाही. ग्रुपवर झालेला अपमान पुणेकर नातवंडांना सांगतो. कोणी मुलींशी वेडंवाकडं बोलत असेल तर तिथे चर्चा नाही, त्याच दिवशी थांबवायचं, मग तो कितीही कॅन उचलणारा असो. ग्रुपचे नियम दोनच: कामाचेच मेसेज, आणि राजकारण-फॉरवर्ड बंद. गप्पांना दुसरा ग्रुप काढा.

स्थानिक नेते रोपं देतात, त्याबरोबर फ्लेक्स येतो. रोपं घ्यायची की नाही हे टीमला विचारून ठरवा, एकट्याने नको, कारण अर्धे लोक एका पक्षाचे आणि अर्धे दुसऱ्याचे असतात. आम्ही रोपं घेतो, फ्लेक्स टेकडीवर चालत नाही असं नम्रपणे सांगतो आणि उन्हाळ्यात टँकर मागतो.

उन्हाळा

फेब्रुवारी संपत आला की वेळ सहावर आणा आणि अपेक्षा कमी करा. मुलांच्या परीक्षा असतात, त्यांना "परीक्षा झाल्यावर या" असं तुम्हीच आधी सांगा, म्हणजे ती सुट्टीवर जातात, सोडून जात नाहीत. ह्यात फरक आहे, सोडून गेलेला परत यायला लाजतो.

सुरक्षेचं बोलायला कंटाळा करू नका. वाळलेल्या गवताला ह्या दिवसांत वणवा लागतो, आग दिसली तर स्वयंसेवकांनी हिरोगिरी करायची नाही, खाली यायचं आणि कळवायचं. वनखात्याची हेल्पलाईन १९२६, अँब्युलन्स १०८, हे नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्या, तिथल्या तिथे, समोर उभं राहून. मोहोळ असलेल्या झाडाखाली थांबायचं नाही, सेंट मारून यायचं नाही, दगड उचलताना हाताआधी काठी. वर एकट्याने जायचं नाही, खाली येताना माणसं मोजायची.

पैशाचं थोडक्यात. वर्गणी जमवणार असाल तर दोन माणसं हिशोबाला, दर महिन्याला जमा-खर्च ग्रुपवर, चहाच्या बिलासकट. पहिल्या वर्षी संस्था रजिस्टर करायच्या मागे लागू नका, ती कागदपत्रं सांभाळण्यातच उत्साह जातो, आधी एक उन्हाळा एकत्र काढा.

आणि तुम्ही कधीतरी सोडणार आहात, लग्न, बदली, गुडघे, काहीही, तर दुसऱ्या वर्षापासूनच एका रविवारी मुद्दाम जाऊ नका. फोनही करू नका. काय अडलं ते सोमवारी विचारा, ते जे सांगतील ती गोष्ट फक्त तुम्हालाच माहीत होती असा त्याचा अर्थ, ती वहीत लिहा आणि ज्याला अडलं त्याच्याकडे द्या. असं चार-पाचदा झालं की वहीत नळाची चावी, वनरक्षकांचा नंबर, टँकरवाला, झाडांची यादी, सगळं आलेलं असतं. मग ज्याला किंवा जिला द्यायचंय तिला अॅडमिन करा, पुढचे दोन महिने साध्या स्वयंसेवकासारखं येऊन कॅन उचला, आणि तिने काही वेगळं ठरवलं की ग्रुपवर "आमच्या वेळी" ने सुरू होणारा मेसेज टाईप करून झाला तरी पाठवू नका.